मेनफ्रेमचं लायसन्स: मापात पाप कुणाचं?

सॉफ्टवेअरची चोरी म्हटलं की आपल्याला आठवतात त्या एकेकाळी लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सीड्या. एक सीडी आणली, दहा मशिन्सवर चढवली, काम झालं. मेनफ्रेमच्या जगात असली चोरी जवळजवळ नसतेच. गिऱ्हाईक म्हणजे बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती. मशिन्स मोजकी, आणि कुठे काय बसवलंय ते विकणाऱ्याला पक्कं ठाऊक. तरीही तिथे लायसन्सच्या ऑडिटचं नाव काढलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. कारण तिथलं भांडण चोरीचं नाही, मापाचं आहे. आणि हे माप सारखं बदलत आलंय.

सुरुवातीला माप नव्हतंच. १९६४ साली आयबीएमने सिस्टिम/३६० आणली तेव्हा सॉफ्टवेअर मशिनबरोबर फुकट यायचं, म्हणजे त्याची किंमत मशिनच्या भाड्यात धरलेली असायची. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकन सरकारने आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला आणि २३ जून १९६९ ला आयबीएमने सॉफ्टवेअरचा भाव वेगळा लावायचं जाहीर केलं. त्या बदल्यात मशिनचे दर किती उतरले? ३ टक्के! सॉफ्टवेअर विकायचं मात्र नाही, नेमून दिलेल्या मशिनवर वापरायचं लायसन्स द्यायचं, असं ठरलं.

हे झालं पहिलं माप: कुठलं मशिन? १९७० च्या सिस्टिम/३७० मध्ये प्रोसेसरचा सिरियल नंबर वाचणारी एक सूचनाच होती. पुढे अनेक कंपन्यांनी आपली सॉफ्टवेअर्स या नंबरला बांधली. नंबर जुळला तर चालणार, नाही तर हटून बसणार. ऑडिट म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवून टिक करणं. अडचण यायची ती मूळ मशिन बंद पडून दुसऱ्या गावच्या राखीव मशिनवर काम हलवताना. तिथला नंबर वेगळा! म्हणून तात्पुरत्या किल्ल्या आधीच मागून ठेवाव्या लागतात.

मग मशिन्स मोठी होत गेली आणि दुसरं माप आलं: मशिन केवढं? १९८० च्या दशकात मशिनच्या गटाप्रमाणे दर लागू झाले, नंतर एमएसयू नावाच्या क्षमतेच्या एककावर. आता गंमत बघा. पगाराचा प्रोग्रॅम तोच, माणसं तेवढीच, पण शेजारच्या खात्यासाठी मोठं मशिन घेतलं की पगाराच्या सॉफ्टवेअरचंही बिल वाढलं.

मधे आणखी एक प्रश्न उभा राहिला: काम कुणाचं? नॅशनल कार रेंटलने कम्प्युटर असोसिएट्सचं सॉफ्टवेअर घेतलं होतं ते स्वतःच्या कामासाठी. त्यावर दुसऱ्या कंपन्यांचा डेटाही चालवला जातोय, अशी तक्रार कोर्टात गेली. प्रत एकच, मशिनही ठरलेलं, पण काम परक्याचं. १९९३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की कॉपीराइट कायद्याचं बोट दाखवून हा करारभंगाचा दावा उडवून लावता येणार नाही. वायटूकेच्या काळात मुंबई-पुण्याची आपली मंडळी अमेरिकन मेनफ्रेम्सवर काम करायला लागली, तेव्हा 'बाहेरच्यांना हे वापरू देण्याची परवानगी करारात आहे का?' या प्रश्नाला वजन आलं ते अशाच कलमांमुळे.

२००० साली झेड-९०० बरोबर तिसरं माप आलं: प्रत्यक्षात वापरलंत किती? इथे जरा नीट बघू. मेनफ्रेमचे एलपीएआर नावाचे भाग पाडलेले असतात. प्रत्येकाच्या वापराची गेल्या ४ तासांची सरासरी सतत काढली जाते आणि महिन्यातल्या सर्वांत वरच्या बिंदूवर बिल लागतं. समजा, मशिन ८०० एमएसयूचं आहे. एक भाग सकाळी ३०० आणि रात्री १०० वापरतो, दुसरा सकाळी १५० आणि रात्री ३५०. सकाळची बेरीज ४५०, रात्रीचीही ४५०. दोन्ही भागांत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं बिल ४५० चं, ८०० चं नाही. केवढी बचत!

पण मेख पुढे आहे. सॉफ्टवेअरने स्वतः किती खाल्लं ते इथे बघत नाहीत. ते ज्या भागात चाललं त्या अख्ख्या भागाचा आकडा त्याच्या नावावर पडतो. कुणीतरी चाचणीसाठी एखादं प्रॉडक्ट मुख्य भागात सुरू करून विसरून गेला, की झालं.

हा हिशोब निघतो एसएमएफ नोंदींतून, म्हणजे मशिनने स्वतःच लिहिलेल्या रोजनिशीतून. ७० नंबरच्या नोंदीत प्रोसेसरचा वापर, ८९ मध्ये कुठलं प्रॉडक्ट कुठे चाललं ते. त्यावरून आयबीएमचंच एससीआरटी हे साधन महिन्याचा अहवाल बनवतं आणि गिऱ्हाईक तो पाठवतं. नोंदी ९५ टक्क्यांपेक्षा कमी भरल्या तर कारण द्यावं लागतं. अहवालच नाही पाठवला, तर पूर्ण मशिनचं बिल! थोडक्यात, ऑडिटर वर्षातून एकदा येत नाही, तो मशिनमध्येच राहतो.

२०१९ मध्ये आयबीएमने शिखराऐवजी वर्षभराच्या एकूण वापरावर बिल लावायचा पर्यायही आणला. म्हणजे चौथं माप.

आपण 'मापात पाप' म्हणतो ते दुकानदाराला. इथे माप ठरवतो विकणारा, आणि पापाचा धनी होतो तो मोजून घेणारा. तेही बहुतेक वेळा बेइमानीने नव्हे, तर जुन्या मापाने इमानदारीत चालत राहिल्यामुळे. म्हणून मेनफ्रेमवाल्यांनी कोड जपावा, डेटा जपावा, पण त्याच काळजीने जुने करार आणि एसएमएफच्या नोंदीही जपाव्यात. वाद निघालाच, तर आपल्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतं.