‘यू आर’ची कुळकथा

इंग्रजी शिकू लागलेलं एखादं चुणचुणीत पोर लवकरच शंका काढतं. ‘ही’ एकटा, म्हणून ‘ही इज’. ‘शी’ एकटी, म्हणून ‘शी इज’. मग समोरचा माणूसही एकटाच आहे की! त्याला ‘यू इज’ का म्हणायचं नाही? ‘तसंच असतं, पाठ कर’ असं सांगून फळा पुसला जातो. पण शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर वर्गात नव्हे, इतिहासात सापडतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही पंचाईत नव्हती. समोर एक असेल तर वेगळं सर्वनाम, अनेक असतील तर वेगळं. इतकंच काय, नेमके दोघे असतील तर त्यांच्यासाठी संस्कृतसारखं द्विवचनसुद्धा होतं. द्विवचन पुढे बुडालं. एकवचनाचं रूप ‘दाऊ’ असं स्थिरावलं आणि त्याचं क्रियापदही त्याच्या हक्काचं होतं: दाऊ आर्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ गोएस्ट. आपल्या ‘आहेस’, ‘जातोस’मधला शेवटचा ‘स’ आणि या ‘हॅस्ट’मधला ‘स’ हे लांबचे भाऊबंद आहेत. अनेकांसाठी कर्ता म्हणून ‘यी’ आणि कर्म म्हणून ‘यू’. म्हणजे ‘यी’ हे आपलं ‘तुम्ही’ आणि ‘यू’ हे ‘तुम्हाला’.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. फ्रेंचांत वरच्या माणसाला अनेकवचनाने संबोधण्याची रीत होती. ती तेराव्या शतकापासून इंग्रजीत झिरपू लागली. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरजच नाही. सासरे दारात उभे असले तर आपण ‘तुम्ही कधी आलात?’ असंच विचारतो. सासरे एकच असतात, क्रियापद मात्र अनेकवचनी. आदरार्थी अनेकवचन ते हेच. क्रियापद माणसं मोजत बसत नाही, सर्वनामाचं रूप पाहतं, आणि माझ्या मते या साऱ्या कथेचं मर्म तिथेच आहे.

मराठीत मात्र ‘तू’ टिकला. आईला, देवाला, जिवलग मित्राला आपण ‘तू’च म्हणतो. इंग्रजीत ‘दाऊ’ हळूहळू तळाला गेला. आदराचं संबोधन सरदाराकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून कारागिराकडे उतरत गेलं. समोरच्याची पायरी नक्की ठाऊक नसेल तर मान देऊन मोकळं होणं शहाणपणाचं ठरू लागलं. सन १६००च्या सुमाराला अनोळखी माणसाला ‘दाऊ’ म्हणणं म्हणजे अरे-तुरे करणं झालं होतं. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये द्वंद्वाचं आव्हान लिहिणाऱ्या एका भित्र्या सरदाराला त्याचा मित्र सल्ला देतो की, पत्रात शत्रूला दोन-तीनदा तरी ‘दाऊ’ म्हण, बरं पडेल. प्रेक्षक हसत असणार, कारण हे बाहेर रोज चालायचं. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅली याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात त्याला मुद्दाम ‘दाऊ’ म्हटलं आणि आपण तसं म्हणतो आहोत हेही बजावून सांगितलं. रॅली एकेकाळी एलिझाबेथ राणीच्या खास मर्जीतला. त्याला एका सर्वनामाने जमिनीवर आणलं गेलं.

या धामधुमीत आणखी एक गंमत घडली. सोळाव्या शतकात ‘यी’ मागे पडला आणि कर्माचं रूप ‘यू’ कर्त्याच्या जागी येऊन बसलं. मराठीत उद्या कुणी ‘तुम्हाला उद्या येणार’ असं म्हणू लागलं आणि शंभर वर्षांनी तेच शुद्ध ठरलं, तर कसं होईल? तसं झालं. १६११च्या बायबलच्या भाषांतरात ‘यी’ आणि ‘यू’ यांचा भेद नीट पाळलेला दिसतो, पण बोलण्यात तो तेव्हाच मोडत आला होता. तेव्हा आज ‘यू आर’ म्हणताना आपण जुन्या हिशेबाने दोन चुका एकदम करतो: वचनाची आणि विभक्तीची. दोन्ही आता शुद्ध इंग्रजी आहेत.

एका माणसाला ‘यू’ म्हणण्याला विरोध केला तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाने. जॉर्ज फॉक्सच्या या अनुयायांचं म्हणणं होतं की, देवापुढे सगळे सारखे, मग एका माणसाला अनेकवचन लावणं ही खुशामतही आहे आणि खोटेपणाही. न्यायाधीश असो की जमीनदार, ते सर्वांना ‘दाऊ’च म्हणत आणि त्यापायी शिव्या खात, मारही खात. १६६० मध्ये फॉक्सने दोन सहकाऱ्यांसह एक जाडजूड पुस्तकच काढलं. अनेक भाषांतले दाखले देऊन एकवचन म्हणजे एकवचन, हे त्यात पंडितांना शिकवलं होतं. पण भाषा कुणाचं ऐकते? पुढे क्वेकरांच्याच तोंडी ‘दाऊ’ जाऊन कर्माचं रूप ‘दी’ कर्ता झालं आणि त्याला चक्क तृतीय पुरुषाचं क्रियापद जडलं: ‘दी इज’, ‘दी हॅज’. व्याकरणासाठी मार खाणाऱ्यांच्या नातवंडांनी व्याकरणाची अशी वाट लावली, हे मला फार आवडतं.

इतर लोकांनीही मधला मार्ग शोधून पाहिला. अठराव्या शतकात चांगले शिकलेसवरलेले लोक एका माणसाला ‘यू वॉज’ आणि अनेकांना ‘यू वेअर’ असं लिहीत. सोय उत्तम होती. एक की अनेक, हे क्रियापदावरून तरी कळायचं. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लोथने १७६२च्या आपल्या व्याकरणात ती घोर चूक ठरवली. ‘यू’ अनेकवचनी आहे, तर क्रियापदही अनेकवचनीच हवं, हा त्याचा तर्क. मग १७९५ मध्ये लिंडली मरे याचं व्याकरण आलं आणि शाळाशाळांत पसरलं. मरे मूळचा अमेरिकन वकील, यॉर्कजवळ येऊन राहिलेला आणि स्वतः क्वेकर. त्याच्या तक्त्यांत ‘दाऊ आर्ट’ ही ओळ होतीच, जरी बाजारात ती फारशी कुणी बोलत नसे. आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं ते इंग्रजी व्याकरणांचा नमुना समोर ठेवून. सुदैवाने आमचा ‘तू’ तक्त्याबाहेरही जिवंत होता.

आता एका माणसाला लागणाऱ्या दुसऱ्या अनेकवचनी सर्वनामाकडे, ‘दे’कडे वळू. हे सर्वनाम मुळात इंग्रजीचं नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘तो’, ‘ती’ आणि अनेकवचनी ‘ते’ यांचे उच्चार इतके जवळ आले की, ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतून मग ‘दे’ घेतलं गेलं. शब्द उसने घेणं नित्याचंच, पण सर्वनाम उसनं घ्यायला भाषा सहसा धजत नाहीत. चौदाव्या शतकातच हे ‘दे’ एका अनिश्चित माणसासाठीही वापरलेलं सापडतं. ‘एव्हरीवन’, ‘समबडी’, ‘इच’ यांच्यामागून ‘देअर’ आणणं जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत ठायीठायी आहे.

त्याला चूक म्हणणारा नियम पुष्कळ नंतरचा. १७४५च्या सुमारास न्यूकॅसलच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ॲन फिशर यांच्या व्याकरणात तो मांडलेला दिसतो: बाई की पुरुष हे ठरलेलं नसेल तर ‘ही’ वापरावं. नियम बाईंचा, फायदा पुरुषांचा! कायद्यानेही तोच धागा उचलला. १८५०मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धराव्यात असं ठरवलं आणि आपल्या १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या तेराव्या कलमात ते आजही आहे.

कुणी नवं सर्वनाम घडवूनही पाहिलं. चार्ल्स कन्व्हर्स या अमेरिकन वकील-संगीतकाराचं ‘दॉन’ १९३४च्या वेब्स्टर कोशात पोचलं आणि १९६१च्या आवृत्तीत गळालं. ‘दे’ला कुणी घडवावं लागलं नाही. २०१९ मध्ये मेरियम-वेब्स्टरने स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या एका व्यक्तीसाठी होणारा त्याचा वापर कोशात घेतला आणि त्या वर्षाचा शब्दही तोच निवडला. व्यक्ती एक असली तरी क्रियापद ‘दे आर’च, ‘दे इज’ नव्हे. ज्यांना हे खटकतं त्यांनी दिवसभरात आपण किती वेळा ‘यू आर’ म्हणतो ते आठवावं. आणि एका थोर माणसाबद्दल ‘ते आले’, एका बाईंबद्दल ‘त्या आल्या’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर खटकायचं काही कारणच नाही.

तेव्हा ‘एव्हरीवन हॅज सबमिटेड देअर फॉर्म’ हे वाक्य निर्धास्त लिहा. ‘एव्हरीवन’ला ‘हॅज’, कारण त्या शब्दाचं रूप एकवचनी. पुढे ‘देअर’, कारण इंग्रजी सहाशेहून अधिक वर्षं तसंच म्हणत आली आहे. परीक्षकाने एखादा गुण कापला तर मात्र वाद घालू नका. त्याच्याकडच्या पुस्तकात अजून ॲन फिशरबाईंचाच नियम असेल.