मागे घेतलेले विधेयक

निवडणूक जवळ आली की गुळगुळीत कागदावर छापलेले कार्यअहवाल घरोघरी येऊ लागतात. आमदारसाहेबांनी सभागृहात किती प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना दिल्या, किती अशासकीय विधेयके मांडली, याचे आकडे त्यात ठळक अक्षरांत असतात. त्या विधेयकांचे पुढे काय झाले, याचा रकाना मात्र सहसा नसतो. नसतो, कारण त्यात लिहिण्यासारखे काही नसते. मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक कायद्यात उतरणे हा आपल्याकडे अपवादच. स्वातंत्र्यानंतर संसदेत अशी अवघी १४ विधेयके संमत झाली आणि त्यातले शेवटचे १९७० साली.

हा न छापलेला रकाना एका जुन्या सदस्याच्या बाबतीत भरून पाहावा, असे बरेच दिवस मनात होते. हे सदस्य म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार किंवा हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणारे कायदामंत्री म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्याआधी सुमारे एक तप ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळात बसत होते. १९२७ पासून कौन्सिलात सरकारनियुक्त सदस्य म्हणून आणि १९३७ पासून असेंब्लीत लोकनिर्वाचित सदस्य म्हणून. या काळातली त्यांची दोन विधेयके मोठी. एक महार वतनाचे, दुसरे खोतीचे. कार्यअहवालाची फूटपट्टी लावली तर दोन्हींपुढे एकच शेरा पडेल: कायदा झाला नाही.

पहिल्या विधेयकाकडे जरा सावकाश पाहायला हवे.

‘वतनदार’ हा शब्द मराठीत ऐटीचा आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशी नावे त्याच्या मागोमाग येतात. पण मुंबई सरकारच्या १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात गावच्या तळाशी उभा असलेला महारही वतनदारच होता. चावडीवर माणसे बोलावून आणायची, सरकारी टपाल पोचवायचे, वसुलाची रक्कम तालुक्याला नेताना सोबत करायची, शिवेच्या खुणा दाखवायच्या, गावात आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला राहायचे, ही त्याची कामे. त्याला वेळेचे बंधन नाही. दिवसा बोलावले तर दिवसा, मध्यरात्री बोलावले तर मध्यरात्री. तो घरी नसला तर बापाने जायचे, बापही नसला तर घरातल्या आणखी कुणी. चाकरी माणसाची नव्हती, घराची होती.

मोबदल्याचे तीन भाग होते. थोडीशी वतनी जमीन, जिला कित्येक गावांत हाडकी-हाडवळा म्हणत. काही ठिकाणी सरकारकडून तुटपुंजी रोकड. आणि रयतेकडून खळ्यावर मिळणारे बलुते. जमीन पिढ्यानपिढ्या वाटत वाटत इतकी बारीक झाली होती की एकेकाच्या वाट्याला काही गुंठेच उरत. बलुते देणे न देणे गावाच्या मर्जीवर. म्हणजे चाकरी सरकारची, आणि मजुरी ज्याच्याकडून घ्यायची तो गाव. गावाच्या मनाविरुद्ध महाराने काही केले, विहिरीला हात लावला, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, की बलुते बंद. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी प्यायलेली माणसे आपापल्या गावी परतली तेव्हा त्यांना काय सोसावे लागले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच वर्षी ‘बहिष्कृत भारता’त बाबासाहेबांनी महार वतनावर इतक्या विस्ताराने का लिहिले, ते कळते. तळ्याचा प्रश्न आणि बलुत्याचा प्रश्न वेगळे नव्हते.

तळ्यामागे कौन्सिलचीच एक कथा आहे, तीही येथेच सांगून टाकतो. सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव कौन्सिलात मांडला आणि तो संमतही झाला. महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून स्वतःचा ठराव केला. कागदावर सगळे पार पडले आणि तळे होते तसेच राहिले. लोकांना तिथवर चालत जावे लागले ते त्यानंतर. संमत झालेल्या ठरावाची ही गत असेल, तर नामंजूर किंवा मागे घेतलेल्या विधेयकाबद्दल निकाल देताना थोडे थांबलेले बरे.

महाडच्या त्या दिवसाला वर्ष भरायला एक दिवस उरला असताना, १९ मार्च १९२८ रोजी, १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक बाबासाहेबांनी कौन्सिलात दाखल केले. त्याचा गाभा असा. ज्या वतनदाराला चाकरीतून सुटायचे असेल त्याला सुटू द्यावे. त्याची जमीन काढून न घेता पूर्ण सारा आकारून ती इतर रयतेप्रमाणे त्याच्याकडे ठेवावी. ज्यांना चाकरीत राहायचे आहे त्यांच्या बलुत्याचे रोकड देण्यात रूपांतर व्हावे आणि ते देणे सरकारनेच वसूल करून त्यांना द्यावे. कामे कोणती आणि ती कोणासाठी करायची, हे नियमांनी ठरवून टाकावे. वतन एका फटक्यात रद्द करा, असे हे विधेयक म्हणत नव्हते. सुटण्याची वाट उघडा, एवढेच ते म्हणत होते. आज वाचताना ते किती बेताचे होते याचेच नवल वाटते.

याहून धडाक्याचे पाऊल शेजारच्या कोल्हापुरात दहा वर्षे आधीच पडले होते. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये हुकूम काढून महार वतने मोडली आणि जमिनी रयतावा करून दिल्या. छत्रपतींच्या एका हुकमाने जे होऊ शकले, त्यासाठी इंग्रजी अमलाखालच्या मुंबई इलाख्यात पहिले वाचन, सिलेक्ट कमिटी, दुसरे वाचन, तिसरे वाचन असा जिना चढायचा होता. त्यातून जमीन महसूल हे द्विदल राज्यपद्धतीत राखीव खाते. त्याचा कारभार कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे नव्हता, गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातल्या सदस्याकडे होता. सभागृहात बहुमत जमवले तरी या खात्याचे मन वळल्याशिवाय काही हलणार नव्हते.

आणि खात्याचे मन का वळावे? हजारो गावांत रात्रंदिवस राबणारा एक नोकरवर्ग सरकारला जवळजवळ फुकट मिळत होता. त्याच्या जागी पगारी शिपाई नेमायचे म्हटले तर खर्चाचा डोंगर. विधेयकाच्या विरोधात जे जे बोलले गेले त्याच्या मुळाशी मला तरी हाच जमाखर्च दिसतो. निवडून आलेल्या सदस्यांची अडचण निराळी. बलुते ऐच्छिक होते तोवर रयत ते कमी देई, उशिरा देई, कधी देतच नसे. तेच साऱ्याबरोबर वसूल होऊ लागले तर तो करच झाला, आणि नव्या कराला हात वर करणारा सदस्य मतदारांना तोंड कसे दाखवणार? अस्पृश्यतेच्या विरोधात भाषण करणे सोपे होते. बलुत्याच्या वसुलीच्या बाजूने मत देणे अवघड होते.

तिसरा अडसर घरातला होता आणि तो लपवण्याचे कारण नाही. वतन हा आपला बावन्न हक्कांपैकी वडिलोपार्जित हक्क आहे, तो सोडायचा कसा, असे मानणारे लोक महार समाजातही होते. गावात पाय ठेवायला असलेली तेवढीच जमीन, तेवढाच मान. पूर्ण सारा भरायचा तर पैसा कुठून आणायचा, ही भीतीही खोटी नव्हती. म्हणून बाबासाहेबांना दोन आघाड्यांवर लढावे लागले: कौन्सिलात सरकारशी, आणि ‘बहिष्कृत भारता’च्या पानांतून आपल्याच माणसांशी. इंग्रजी भाषण आणि मराठी लेख शेजारी ठेवून वाचले की युक्तिवाद एकच आढळतो, सूर मात्र बदलतो. कौन्सिलात ते वकील असतात, मराठीत घरातले कर्ते माणूस.

पहिल्या वाचनाच्या वेळी, ३ ऑगस्ट १९२८ रोजी, त्यांनी सरकारला जे बजावले ते वकिली चौकटीत बसणारे नव्हते. हे विधेयक संमत झाले नाही तर महसूल खाते आणि महार यांच्यात झुंज लागेल आणि महारांचा सार्वत्रिक संप घडवून आणण्यात आपण उरलेला सारा वेळ घालवू, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. नियुक्त सदस्याच्या तोंडी, ज्या सरकारने नेमले त्याच सरकारला! विधेयक सिलेक्ट कमिटीकडे गेले. पुढच्या वर्षी, २४ जुलै १९२९ रोजी, बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

मागे घेणे आणि हरणे यांत सभागृहाच्या दफ्तरी फरक आहे, आणि माझ्या मते तो खराही आहे. विधेयकाचा कणा मोडून उरलेले कातडे कायद्याच्या पुस्तकात गेले असते, तर पुढची पन्नास वर्षे ‘तुमचा कायदा तर झाला’ हेच उत्तर मिळत राहिले असते. अर्धवट कायदा पदरात पाडून घेण्याचा मोह मोठा असतो, कारण कार्यअहवालात तो शोभून दिसतो.

त्याच कौन्सिलात त्याच दिवसांत एका अशासकीय विधेयकाला यश आले, हेही सांगायला हवे. रा. स. आसवले यांनी गिरण्या-कारखान्यांतल्या बायांना बाळंतपणात भत्ता मिळावा म्हणून विधेयक आणले. त्याच्या बाजूने बोलताना बाबासाहेब म्हणाले होते की, आईची काळजी घेणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून भार सरकारनेही उचलायला हवा. पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाला त्यातून सुटता येणार नाही. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. या विषयावरचा तो हिंदुस्थानातला पहिला कायदा. हा जमला आणि वतनाचा जमला नाही, याचे एक कारण उघड आहे. बाळंतपणाचा भत्ता गिरणीमालकाच्या खिशातून जाणार होता, सरकारच्या नव्हे.

दुसऱ्या विधेयकाच्या वेळी सगळा पट बदललेला होता. नवी घटना, १७५ सदस्यांची असेंब्ली, काँग्रेसचे मंत्रिमंडळ, बाळासाहेब खेर पंतप्रधान. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. समोर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकर. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत हा मुळात गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा मक्तेदार. पण तो हळूहळू गावाचा धनीच होऊन बसला. कुळाकडून अर्धेल, तिर्धेल घ्यायची, वर वेठ घ्यायची. १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कांना चौकट दिली, म्हणजेच त्यांवर शिक्कामोर्तबही केले. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमान होते. कुळांत कुणबी, आगरी, भंडारी, महार. त्यामुळे ही लढाई एका जातीची राहिली नाही. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालू होता. जमिनी पडीक ठेवून, लाकूडफाटा विकून माणसे दिवस काढत होती. विधेयकाच्या मागे ही ताकद उभी होती.

तेही भडक नव्हते. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळांना जमीन महसूल कायद्याप्रमाणे कब्जेदाराचा दर्जा मिळावा, एवढीच मागणी. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर भागांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला आणि शिष्टमंडळ खेरांना भेटले. सरकारने ऐकून घेतले. विधेयक मात्र तिथेच राहिले. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, असेंब्लीचे काम थांबले, आणि विधेयकही संपले.

त्याआधी त्याच सरकारने १९३९ चा कूळकायदा केला होता, हे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मोर्चा आणि चरीचा संप झाला नसता तर तो त्या वेळी झाला असता का, याबद्दल मला शंका आहे.

आता राहिलेला रकाना. मुंबईचा खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. तो १५ मे १९५० पासून लागू झाला. भरपाई आणि कब्जेदारी, दोन्ही त्यात आहेत. तेव्हा मुख्यमंत्री खेरच होते. ज्यांचे विधेयक त्यांच्या टेबलावर दोन वर्षे पडून राहिले, ते सदस्य त्या दिवशी दिल्लीत कायदामंत्री होते. वतनाला याहून अधिक वेळ लागला. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ रोजी अमलात आला. १९२८ च्या मार्चपासून मोजले तर ३१ वर्षे, कोल्हापूरच्या हुकमापासून ४१. बाबासाहेबांना जाऊन पावणेतीन वर्षे होत आली होती.

आणि एक गोष्ट बदलली होती. १९२८ च्या विधेयकात सुटका घेणारा वतनदार पूर्ण सारा भरून इतरांसारखा रयत होणार होता. १९५९ मध्ये जमीन परत दिली ती अट घालून: जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आणि ठरेल ती रक्कम भरल्यावाचून विकता येणार नाही. गावातल्या धनदांडग्यांनी ती पडत्या भावात लाटू नये, हा हेतू चांगलाच होता. अटीने पुष्कळांच्या जमिनी वाचवल्या, तितक्याच कचेरीच्या फेऱ्यांत अडकवल्या. आणि आडमार्गाने ज्या हातांत जायच्या त्या गेल्याच. शहरांच्या कडेला या जमिनींना सोन्याचा भाव आला तेव्हापासून वर्तमानपत्रांत त्यांची नावे अधूनमधून येतात. पण तलाठ्याकडे जाऊन अशा एखाद्या गटाचा सातबारा काढला, तर नावापुढे आजही ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद सापडते.