वाळू-खडी साठ्यांचे नकाशांकन, रत्नागिरी जिल्हा

बांधकामाची वाळू, रेव आणि खडीचा दगड कोठे व किती आहे, उपशानंतर त्यातला किती पावसाळ्यात पुन्हा भरतो, हे नकाशावर मांडून जमिनीचा वापर ठरवण्याचे काम. गोदावरी-भीमेकाठची रुंद वाळवंटे रत्नागिरीत नाहीत. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड, वेगवान नद्या गोटे व भरड रेव वरच टाकतात; वाळू बसते ती भरतीचे पाणी चढते तिथे. म्हणून मुख्य साठे खाड्यांत: बाणकोट (सावित्री), दाभोळ (वाशिष्ठी-जगबुडी), जयगड (शास्त्री), भाट्ये (काजळी). या वाळूत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. न धुता वापरल्यास स्लॅबमधल्या सळ्या गंजतात. किनाऱ्यावरच्या पुळणी वेगळ्याच दाखवाव्या लागतात. मालगुंड ते पूर्णगड पट्ट्यात त्यांत इल्मेनाइट आहे, शिवाय त्या किनाऱ्याचे संरक्षण करतात.

खाडीतले वाळूचे पट्टे सरकत राहतात, त्यामुळे सर्वेक्षणाची तारीख नसलेला नकाशा येथे निरुपयोगी. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच रेषांवर खोली मोजली, तरच भर कळते. होडीतून बुडी मारून बादलीने वाळू काढणारा हातपाटीवाला आणि सक्शन पंप यांचा उपसा सारखा नाही; दोघांना एकाच गटात बसवणे चुकीचे आहे.

दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणला: भर पडणाऱ्या जागी उपसा, झीज होणाऱ्या जागी व पुलांजवळ बंदी, आणि वार्षिक पुनर्भरणाचा हिशेब.

खडी मात्र डोंगरातून येते. सड्यावर जांभा, त्याखाली काळा दगड. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने त्याची मागणी वाढवली. क्रशरची जागा ठरवताना त्याच नकाशावर झरे, वाड्या आणि आंब्याच्या बागा दिसायला हव्यात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४ नुसार प्रादेशिक योजनेत खनिज उत्खननाची जमीनही दाखवता येते. सर्वेक्षण अहवाल परवान्यांपुरता न ठेवता या योजनेत उतरवणे गरजेचे आहे.

चिपळूणमध्ये याची निकड सर्वाधिक. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नद्यांतून गाळ काढला गेला. त्या गाळात माती किती, रेव किती आणि दर वर्षी नवी भर किती, याच्या नोंदी पूररेषेच्या नकाशाला जोडल्या, तर पात्र मोकळे ठेवणे आणि बांधकामाला माल पुरवणे ही दोन्ही कामे एकाच सर्वेक्षणावर चालतील.