किती दिवस झोपून राहायचे?
आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीचा इतिहास

आंत्रपुच्छाची, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या अपेंडिक्सची, शस्त्रक्रिया आज तालुक्याच्या गावीही होते. दुर्बिणीतून केली तर माणूस एक-दोन दिवसांत घरी येतो. घरी आला की त्याचे प्रश्न सुरू होतात. जिना कधी चढायचा? पाण्याची बादली कधी उचलायची? आणि रोज पहाटे पळायला जाणारा असेल, तर तो आणखी एक प्रश्न विचारतो: पळायचे कधी?

माझ्या स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर मी हा प्रश्न चार जाणत्या माणसांना विचारला, तेव्हा मला चार उत्तरे मिळाली. दोन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने. आणि चौथे उत्तर असे की, पन्नाशीनंतर पळायचेच कशाला? मी डॉक्टर नाही. जुने ग्रंथ आणि अहवाल वाचत बसणे हा माझा छंद. एकाच जखमेला इतकी उत्तरे का, हे शोधू लागलो, आणि त्या शोधात दिसले ते असे की विश्रांतीचे हे दिवस जखमेकडे पाहून फार थोड्या वेळा ठरले. ते भीतीने ठरले, धाग्याने ठरले, राजकारणाने ठरले, युद्धाने ठरले. जखमेला विचारण्याची पाळी बरीच उशिरा आली.

सुरुवात १७३५ सालच्या लंडनपासून करावी लागते. त्या वर्षी ६ डिसेंबरला सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अम्यांड या शल्यविशारदाने अकरा वर्षांच्या एका मुलाचा अंतर्गळ उघडला. आत आंत्रपुच्छ होते आणि त्याला एका टाचणीने भोक पाडले होते. अम्यांडने ते कापून काढले. आंत्रपुच्छ काढल्याची ही पहिली नोंद समजली जाते. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. तरी मुलगा वाचला आणि सुमारे महिन्याभराने पोटाला पट्टा बांधून घरी गेला. शस्त्रक्रियेनंतर पट्टा बांधण्याची जी रीत आपल्या घरांतून अजून दिसते, ती इतकी जुनी आहे.

पुढची दीडशे वर्षे उजव्या बाजूच्या पोटदुखीने माणसे मरत राहिली आणि कारण नीट कोणाला सांगता आले नाही. १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की या मृत्यूंचे मूळ आंत्रपुच्छात असते आणि ते वेळीच काढले पाहिजे. आजाराचे आजचे इंग्रजी नावही त्यांनीच रूढ केले. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी पोटावरची दुखरी जागा नेमकी सांगितली. आजही डॉक्टर तिथेच बोट दाबून पाहतात. १८९४ साली त्यांनी पोट उघडण्याची वेगळी पद्धत मांडली. आपल्या पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर असतात आणि प्रत्येकाचे तंतू वेगळ्या दिशेने जातात. मॅकबर्नी यांनी हे थर आडवे कापले नाहीत; प्रत्येक थराचे तंतू त्यांच्याच दिशेने बाजूला सारून वाट केली. शस्त्रक्रिया संपली की थर आपापल्या जागी येत आणि एकमेकांवर झडपेसारखे बसत. पुढे पळणाऱ्या-धावणाऱ्या माणसाला याचा किती फायदा झाला असेल, याची कल्पना करता येते. पण त्या काळी त्याचा उपयोग रुग्णाला लवकर उठवण्यासाठी कोणी केला नाही.

याचे कारण विश्रांतीवरचा विश्वास. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांचे विश्रांती आणि वेदना या विषयावरचे ग्रंथरूप व्याख्यान १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी ते प्रमाण मानले. दुखऱ्या अवयवाला हलू देऊ नये, निसर्ग आपले काम करील, हे त्याचे सार. शिवाय टाक्यांचा धागा जनावरांच्या आतड्यांपासून केलेला असे. तो शरीरात विरघळतो, पण कधीकधी आठवड्या-दीड आठवड्यातच त्याचा जोर जातो. रुग्ण खोकला आणि जखम उकलली तर? या धास्तीने दोन-तीन आठवडे उताणे निजवून ठेवणे हा नियम झाला.

या नियमाची पहिली मोठी परीक्षा एका राजावर झाली. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. दोनच दिवस आधी, २४ जूनला, सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना बकिंगहॅम राजवाड्यातच त्याचे पोट उघडून पू काढावा लागला. आंत्रपुच्छ त्यांनी काढले नाही. फक्त गळू मोकळे केले. याच आजाराने ट्रीव्ह्ज यांची स्वतःची मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली होती. राजा दुसऱ्या दिवशी उठून बसून सिगार ओढत होता, असे सांगतात. पुढचे काही आठवडे त्याने आपल्या नौकेवर हवा खात काढले आणि ९ ऑगस्टला, म्हणजे शेहेचाळीस दिवसांनी, आटोपशीर केलेल्या समारंभात मुकुट घातला. या घटनेने शस्त्रक्रियेची भीती कमी झाली आणि अपेंडिक्स हा शब्द घरोघर गेला. विश्रांतीचा नियम मात्र होता तिथेच राहिला.

त्याआधी तीनच वर्षे, १८९९ साली, शिकागोच्या एमिल रीस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या स्त्री-रुग्णांना आपण एक-दोन दिवसांतच उठवतो, त्यांना खायला देतो आणि त्या अधिक लवकर बऱ्या होतात, असे त्यांनी लिहिले. जर्मनीत काहींनी त्याची दखल घेतली. त्यांच्या स्वतःच्या देशात जवळजवळ चाळीस वर्षे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

या चाळीस वर्षांच्या मधोमध आपल्या पुण्यातली एक रात्र येते. १९२२ च्या मार्चमध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि ते येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात दुखू लागले. कर्नल मॅडॉक यांनी तपासले, आणि १२ तारखेला त्यांना ससून रुग्णालयात हलवण्यात आले. मुंबईहून आपले डॉक्टर यावेत, अशी गांधीजींची इच्छा होती, पण थांबायला वेळ नव्हता. नामदार श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना रात्री बोलावून घेण्यात आले. गांधीजींनी संमतीच्या निवेदनावर सही केली. मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास आहे, हे जगाला कळावे, ही त्यामागची दृष्टी होती. कारण कैदेत त्यांचे काही बरेवाईट झाले असते तर देशात काय उसळले असते, हे दोन्ही बाजू जाणून होत्या. शस्त्रक्रिया चालू असताना वादळात वीज गेली, हातातली विजेरीही विझली, आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. ती खोली ससूनमध्ये आजही स्मारक म्हणून जपली आहे.

गोष्ट बहुतेक इथे थांबते. मला रस आहे तो त्यानंतरच्या दिवसांत. जखमेत पू झाला आणि ती भरायला वेळ लागू लागला. बऱ्या न होणाऱ्या या कैद्याचे काय करायचे, हा सरकारपुढचा पेच होता. ५ फेब्रुवारीला त्यांना बिनशर्त सोडण्यात आले. चार वर्षांची शिक्षा शिल्लक असताना तुरुंगाचे दार एका जखमेने उघडले. गांधीजींना त्याचा आनंद झाला नाही. आजारपणामुळे झालेली सुटका त्यांना रुचली नाही. ते ससूनमध्येच राहिले आणि मार्चमध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, विश्रांतीसाठी जुहूला मोरारजी कुटुंबाच्या बंगल्यात गेले.

जुहू तेव्हा मुंबईबाहेरचे शांत गाव होते. वाळूवरच्या फेऱ्या हा तिथल्या दिनक्रमाचा भाग झाला. एप्रिलमध्ये त्यांनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’चे संपादन पुन्हा हाती घेतले, मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी कायदेमंडळ-प्रवेशाच्या चर्चा तिथेच झाल्या. वय चौपन्न. ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर कडक टीका करणारा हा माणूस डॉक्टरच्या सुरीने वाचला होता, आणि चालण्याची ताकद मात्र पावलापावलाने स्वतः परत मिळवत होता. सहा वर्षांनी, १२ मार्च १९३० रोजी, साबरमतीहून निघून ते चोवीस दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालत दांडीला पोचले. त्या यात्रेच्या वर्णनांत ससूनच्या जखमेचा उल्लेख सहसा नसतो. पण पोटाच्या भिंतीच्या दृष्टीने पाहिले, तर दांडीचा रस्ता जुहूच्या वाळूवरून जातो.

नियम मोडला तो एका हट्टी रुग्णामुळे आणि एका महायुद्धामुळे. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॅनियल लीथाउझर यांच्या अपेंडिक्सच्या एका रुग्णाने अंथरुणात पडून राहण्यास नकार दिला. तो उठला, चालला आणि नेहमीच्या रुग्णांपेक्षा लवकर बरा झाला. लीथाउझर यांनी मग हेच इतरांवर करून पाहिले, १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९४६ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे सोपे होते. पडून राहिले की पायांतले रक्त साकळते, त्याची गुठळी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो, छातीत कफ साचतो, आतडी सुस्तावतात. चालणे हाच त्यावरचा उपाय.

तोवर युद्ध पेटले होते आणि खाटा कमी पडत होत्या. सप्टेंबर १९४२ मध्ये ‘सीड्रॅगन’ या अमेरिकन पाणबुडीवर व्हीलर लाइप्स या औषध-सहायकाने, डॉक्टर नसताना, स्वयंपाकघरातले चमचे वाकवून एका खलाशाचे आंत्रपुच्छ काढले. दोन आठवड्यांच्या आत तो खलाशी कामावर हजर होता. पाणबुडीत महिनाभर निजून राहायला जागा कोणाला होती? १९४४ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या परिषदेत विश्रांतीच्या गैरवापरावर परिसंवाद झाला, आणि १९४७ साली लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणाला खिळण्याच्या धोक्यांवर एक गाजलेला लेख लिहिला. अर्ध्या शतकापूर्वी रीस यांनी सांगितलेले आता शहाणपण ठरले.

चालण्याचा प्रश्न असा सुटला, पळण्याचा उरला. पडून राहिल्याने पळणाऱ्याचे नेमके किती नुकसान होते, हे १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथे मोजले गेले. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले, तेव्हा शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. नंतरच्या सुमारे दोन महिन्यांच्या व्यायामाने ती भरून आली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने केले होते. आणि पन्नाशीत सहा महिने हळूहळू व्यायाम वाढवल्यावर ते विशीतल्या मूळ पातळीपर्यंत पोचले. पळायचेच कशाला, या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले.

पण म्हणून जखम मनाचे ऐकते, असे नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकणारा एमिल झाटोपेक १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी काही आठवडे अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेला सामोरा गेला. दोन महिने पळू नका, असा सल्ला होता. तो लगेच सरावाला लागला, मॅरेथॉन धावला आणि सहावा आला. दुसरा कोणी असता तर सहावा क्रमांक हा चमत्कार ठरला असता. झाटोपेकच्या बाबतीत मात्र शरीराने आपला हिशेब वसूल केला, असे म्हणावे लागते.

हा हिशेब आता बराचसा कळला आहे. कापलेली ऊती पहिल्या आठवड्यात मूळच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यालाही क्वचितच पोचते. दीड महिन्याच्या सुमारास ती साधारण निम्म्यावर येते, तीन महिन्यांनी पाऊणशेच्या पुढे जाते आणि शंभरावर कधीच पोचत नाही. चालताना पोटातला दाब फार वाढत नाही. खोकताना आणि उडी मारताना तो झपाट्याने वाढतो. पळणे म्हणजे मिनिटाला दीडशेहून अधिक छोट्या उड्याच, आणि दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून परत येतो. म्हणून चालणे पहिल्या दिवशी आणि पळणे काही आठवड्यांनी, यात विसंगती नाही. जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९८० साली दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्याचा परवाना काढून घ्यावा, अशी मागणी झाली होती. आज तीच पद्धत सर्वत्र आहे. मोठी चीर जाऊन तीन छोटी छिद्रे आली, त्यामुळे हे आठवडे कमी झाले. साधारणपणे दुर्बिणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी आणि चिरेनंतर चार ते सहा आठवड्यांनी हलके पळणे सुरू करण्याचा सल्ला मिळतो. आत पू झाला असेल तर आणखी थांबावे लागते. गांधीजींना लागले, तसे.

मला मिळालेली चारही उत्तरे वेगवेगळ्या काळांतून आलेली होती, हे आता दिसते. तीन महिन्यांच्या उत्तरात हिल्टन बोलत होते, दोन आठवड्यांच्या उत्तरात झेम. आपल्याकडे मात्र आणखी एक काळ शेजारी नांदतो. रोजंदारीवरच्या मजुराला हा प्रश्न विचारायची सवडच नसते. टाके निघाले की तो पाटी उचलतो, कारण घरी चूल पेटायची असते. विश्रांतीचे दिवस ज्याच्या जखमेला विचारून ठरावेत, असा माणूस आपल्या समाजात अजून थोडाच आहे. राजाला शेहेचाळीस दिवस मिळाले, कैद्याला दोन महिने मिळाले. हमालाला किती मिळतात, याचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा.