मिनॉकच्या खाणीत एकटं जाऊ नका

१९९८ सालची एक रात्र. तुम्ही अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात बसला आहात. मॉडेमचं किंचाळणं थांबलंय. फोनची लाइन आता पहाटेपर्यंत अडकून राहणार, आणि त्यावरून रूममेटची एकदा कुरकुर होऊनही गेली आहे. पुण्या-मुंबईत बसून हे जमलं नसतं. विदेश संचार निगमचं इंटरनेट तिकडे जेमतेम तीन वर्षांचं आहे आणि ते तासांच्या हिशोबाने विकलं जातं. इथे महिन्याला दहाएक डॉलर भरले की 'अल्टिमा ऑनलाइन'च्या ब्रिटानियात हवा तेवढा वेळ राहा. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ओरिजिन कंपनीने हा खेळ गेल्या वर्षी सप्टेंबरात बाजारात आणला.

तुम्ही तिथे कोण आहात? राजपुत्र वगैरे कोणी नाही. तुम्ही खाणकामगार आहात. उत्तरेकडच्या मिनॉक गावात राहता, कुदळ मारता, लोखंड वितळवून लोहाराला विकता. गावाच्या हद्दीत कोणी अंगावर आलं तर 'गार्ड्स' एवढं टाइप करायचं. पहारेकरी तिथल्या तिथे प्रकट होतो आणि एका घावात प्रकरण मिटवतो. खाण मात्र हद्दीबाहेर आहे. आणि खनिज जड असतं. पोतं भरत आलं की धावता येत नाही, चार पावलांत दम लागतो. हे प्रत्येक खाणवाल्याला ठाऊक आहे. दुर्दैवाने ते इतरांनाही ठाऊक आहे.

पडद्याच्या कडेला एक नाव उमटतं. निळं नाव निरपराधाचं, करडं गुन्हेगाराचं, लाल खुन्याचं. हे लाल आहे. तुम्ही पळायला लागता, पण लाइन अडखळते आणि तुमचं पात्र एक पाय उचललेल्या अवस्थेत थिजतं. समोरच्याच्या डोक्यावर मंत्राचे दोन शब्द येतात : 'कॉर्प पोर'. निळसर वीज. पुन्हा 'कॉर्प पोर'. पडद्यावरचे रंग उडून सगळं करडं होतं आणि तुम्ही झगा घातलेलं भूत होऊन स्वतःच्याच प्रेताशेजारी उभे राहता. 'अरे, निदान कुदळ तरी ठेव' असं तुम्ही टाइप करता. त्याला दिसतं ते फक्त 'ऊऊ ओऊ', कारण भुतांची भाषा जिवंतांना कळत नाही. तो खनिज घेतो, कुदळ घेतो, अंगावरचा सदरा घेतो. मग सुरी काढतो, प्रेताचं मुंडकं कापून पिशवीत टाकतो आणि निघून जातो. मुंडक्याचा त्याला काय उपयोग, कोण जाणे.

दोन तासांची कमाई गेली. तुमचे हात थरथरतायत. चित्रातल्या बाहुल्या मेल्याने एवढं काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन तास कुदळ मारून पाहावी.

दुसऱ्या रात्री तुम्ही एकटे जात नाही. गावच्या भट्टीशी आणखी चौघे असेच लुटलेले भेटतात. एकाने खाणीच्या तोंडाशी उभं राहायचं, लाल नाव दिसलं की ओरडायचं, बाकीच्यांनी खोदायचं, लोखंडाचे पाच वाटे करायचे. उभ्या राहणाऱ्याला खोदणाऱ्याइतकंच मिळावं की नाही यावर अर्धा तास वाद होतो. हा करार तुम्हाला कोणी शिकवलेला नाही, खेळाच्या पुस्तिकेतही तो नाही. मोकळ्या रानातल्या मारामारीचं खरं उत्पन्न हे होतं, असं माझं मत आहे. मारणाऱ्यांनी नंतर आपल्या पराक्रमाच्या गोष्टी फार सांगितल्या, पण त्या जगाला माणसांत आणलं ते घाबरलेल्यांनी.

थोडं मागे जाऊ या, ९ ऑगस्ट १९९७ला. खेळ अजून विक्रीला आलेला नाही, चाचणी चालू आहे. ट्रिन्सिक शहरात राजा लॉर्ड ब्रिटिश प्रजेला दर्शन देतोय. या राजाच्या आत खुद्द खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट आहे. मघाशी सर्व्हर कोसळला होता, आणि परत आल्यावर अमरत्वाचं बटण दाबायचं तो विसरलाय. गर्दीतला रेन्झ नावाचा एक खेळाडू आगीचा मंत्र टाकतो आणि राजा मरतो. रेन्झला पुढे खेळातून काढलं, पण कारण दिलं ते खेळातल्या तांत्रिक चुकांचा आधी फायदा उठवल्याचं. जिथे राजाचे हे हाल, तिथे मिनॉकच्या खाणवाल्याची काय कथा!

मुख्य रचनाकार राफ कॉस्टर. खेळाडू आपला न्याय आपण उभा करतील ही त्याची आशा होती. म्हणून नावांना रंग आले, खुन्यांच्या डोक्यावर इनामं आली, खुनांच्या गणतीप्रमाणे शिक्षा आल्या. पण जो नवा माणूस पहिल्याच आठवड्यात तीनदा नागवला जातो तो न्यायसंस्था उभारायला थांबत नाही. तो खातं बंद करतो. या पायी खूप खेळाडू गमावले, हे कॉस्टरने पुढे स्वतःच लिहिलं आहे.

आता २००० सालचा मे महिना. तुम्ही चंद्रद्वारातून पाऊल टाकता आणि त्याच ब्रिटानियात उतरता. तेच रस्ते, तोच मिनॉक. पण हे ट्रामेल आहे. जगाची दुसरी प्रत काढली आहे आणि इथे तुमच्या संमतीशिवाय कोणी तुम्हाला मारू शकत नाही. जुन्या प्रतीचं नाव फेलुक्का. तिथली झाडं आता निष्पर्ण केली आहेत, जागोजागी थडगी आहेत. म्हणजे कंपनीने कौल कुणाला द्यायचा ते झाडांवरच लिहून ठेवलंय. ट्रामेलमध्ये घरासाठी जागा धरायला झुंबड उडते. तुम्हीही धावता, का नाही धावणार? खाणीत आता तोंडाशी कोणी उभं नसतं. पाचही जण खोदतायत, प्रत्येकाचं लोखंड ज्याचं त्याला. महिन्याभरात तुमच्या लक्षात येतं की त्यातल्या तिघांशी बोलणंच झालेलं नाही.

फेलुक्कात लाल नावं उरली. लुटायला कोणी येत नाही म्हणून ती एकमेकांवर चालून गेली, आणि मग त्यांनाही कंटाळा आला. लांडग्यांना लांडग्यांशी लढायचं नव्हतं, हे त्या वर्षी उघड झालं. खेळाची वर्गणीदार-संख्या मात्र वाढत गेली आणि २००३मध्ये सुमारे २,५०,००० झाली. ट्रामेल चूक होतं असं मी म्हणणार नाही. पैसे भरून रोज मार खायला कोणी बांधील नसतं.

माझी खरी तक्रार पुढच्या मुक्कामावर आहे.

मार्च २००५. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' येऊन चार महिने झालेत. तुम्ही हिल्सब्रॅडच्या टेकड्यांत आहात. एका बाजूला होर्ड पक्षाचं टॅरेन मिल, दुसऱ्या बाजूला अलायन्सचं साउथशोर, मध्ये एक रस्ता. इथे मेल्यावर काही लुटलं जात नाही. स्मशानातून आत्मा धावत येतो, देहात शिरतो, पुन्हा उभा राहतो. म्हणजे कॉस्टरच्या जगातला काटा काढून टाकलाय, आणि तरीही शंभरेक माणसं या रस्त्यावर तासन्‌तास लढतायत. बक्षीस काय? काही नाही. कोणीतरी कोणालातरी भोपळ्याच्या शेताजवळ मारलं, त्याने मित्रांना बोलावलं, त्यांनी त्यांच्या मित्रांना. दोन्ही पक्षांना एकमेकांची भाषा कळत नाही. होर्डवाला हसला की तुम्हाला 'केक' दिसतं. तरी खुणा कळतात : हात हलवणं, लवून नमस्कार, थुंकणं. एक बैलतोंड्या टॉरेन तुम्हाला गेल्या आठवड्यापासून ओळखतो. तो दिसला की आधी हात हलवतो, मग मारतो. सर्व्हर धापा टाकतो, चित्र अडकतं, तुम्ही रस्त्याच्या अल्याड होतात ते अचानक पल्याड निघता, शत्रूच्या मधोमध.

एप्रिलमध्ये मानाचे गुण येतात. एका शत्रूमागे अमुक गुण, एकूण चौदा पदं, आणि दर आठवड्याला तुमची बेरीज आपल्याच पक्षातल्या इतरांशी ताडून पद वर-खाली. जूनमध्ये रणांगणं येतात. वॉरसाँग गल्चमध्ये दहा विरुद्ध दहा, आल्टरॅक व्हॅलीत चाळीस विरुद्ध चाळीस. नाव नोंदवा, रांगेत थांबा, आत जा, गुण घ्या.

जुलैत तुम्ही हिल्सब्रॅडला परत येता. रस्ता मोकळा आहे. कुणी बंदी घातलेली नाही, कुणी घाबरलेलंही नाही. इथे काढलेल्या तासाला गुण कमी पडतात, एवढंच. आणि पद टिकवायचं तर शेजारचा जिथे तास घालवतो तिथेच तुम्हालाही घालवावे लागतात. गल्लीतल्या पोरांना टर्फ बुक करून दिल्यावर गल्लीचं जे होतं तेच झालं. ज्यांना लढायला आवडत होतं तेच लढाई सोडून लढाईच्या रांगेत जाऊन उभे राहिले. ट्रामेल हा निदान निर्णय होता, त्यावर भांडता आलं. हिल्सब्रॅड रिकामं करायचं कुणीच ठरवलं नव्हतं.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. ऑगस्ट २००६मध्ये रणांगणं सर्व्हरांच्या सीमा पुसून जोडली जातात. समोर आता तो टॉरेन नसतो, कुठल्यातरी दुसऱ्याच सर्व्हरचा कोणीतरी असतो. आज त्याने तुम्हाला मारलं तर उद्या सूड उगवायला तो सापडत नाही. २००७मध्ये आउटलँडात उडती वाहनं येतात, २०१०च्या अखेरीस जुन्या खंडांवरही. ज्याला रस्त्यावरून जावंच लागत नाही त्याला रस्त्यावर अडवणार कसं? मध्येच, डिसेंबर २००९मध्ये, गुहांसाठी साथीदार शोधून देणारी सोय आली. बटण दाबलं की थेट गुहेत. शत्रू कधीही अंगावर येऊ शकेल असा लढाऊ सर्व्हर हा प्रकारच २०१८मध्ये गेला. राजधानीत जाऊन 'वॉर मोड'ची कळ दाबायची. कळ चालू ठेवणाऱ्याला जास्तीचा बोनस. तरीही अलायन्सवाले पुरेसे येईनात, म्हणून त्यांचा बोनस वाढवावा लागला. २००५च्या मार्चमध्ये फुकट लढणाऱ्यांना आता लढण्याचा भत्ता द्यावा लागत होता.

ऑगस्ट २०१९मध्ये 'क्लासिक' म्हणून जुनाच खेळ पुन्हा उघडतो. तुम्ही मोठ्या आशेने लढाऊ सर्व्हर निवडता. पहिले दोन महिने छान जातात. नोव्हेंबरमध्ये मानाचे गुण चालू होतात आणि टोळ्या हवाई थांब्यांवर ठाण मांडतात, कारण सावज तिथे उतरतं हे आता सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही उतरता, मरता, उठता, मरता. हात हलवणारा कोणी भेटत नाही. मग अल्पसंख्य पक्ष सर्व्हर बदलून निघून जातो आणि मागे लढाऊ म्हणवणारा एकपक्षी सर्व्हर राहतो. नकाशा जुना होता, खेळाडू पंधरा वर्षांचा हिशोब शिकून आलेले होते. २०२०च्या जानेवारीत ॲमेझॉननेही 'न्यू वर्ल्ड' विक्रीला येण्याआधीच त्यातली मोकळी मारामारी ऐच्छिक केली. वरच्या लेव्हलचे खेळाडू नवख्यांना मारत सुटत होते. मिनॉकचाच अनुभव, बावीस वर्षांनी.

एक मुक्काम राहिला. आइसलँडच्या सीसीपीचा अंतराळातला खेळ 'ईव्ह ऑनलाइन', २००३पासून चालू. तुम्ही जिताच्या बाजारात माल भरला आहे आणि अवजड मालवाहू जहाज घेऊन उएदामाकडे निघाला आहात. हा सुरक्षित प्रदेश. इथे कोणी हल्ला केला तर काँकॉर्डचे पोलीस येऊन हल्लेखोराचं जहाज हमखास उडवतात. पण ते शिक्षा करतात, वाचवत नाहीत. शिवाय त्यांना यायला काही सेकंद लागतात. एक छोटं जहाज तुमच्या मालाची यादी तपासून जातं. कुठेतरी कोणीतरी बेरीज करतंय : आपली वीस-पंचवीस स्वस्तातली कॅटॅलिस्ट जहाजं काँकॉर्डच्या हातून जाणार, तुमच्या मालातला निम्मा ढिगाऱ्यात शाबूत उरणार, वजाबाकी जमते का? जमते.

तुम्ही कंपनीकडे तक्रार करता. उत्तर येतं की कुठलाही नियम मोडलेला नाही. पुढच्या खेपेला तुम्ही माल तीन फेऱ्यांत वाटून नेता, आणि निघण्याआधी उएदामात कोण बसलंय ते पाहून यायला एका ओळखीच्याला पुढे पाठवता. तो विचारतो, "माझे किती?"