कवडशातली धूळ

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. येथून गाड्यांतून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेरमधील एका जुन्या घरात झरोक्यातून उतरलेला कवडसा आम्ही पाहत होतो. सोबतच्या शिक्षकांनी विचारले, “उन्हाची ही तिरीप हवेत दिसते, मग वर्गात लेसरचा नुसता भिंतीवर ठिपकाच का?”

उत्तर त्या कवडशातच तरंगत होते. जाळीतून येणाऱ्या उन्हात दिसणाऱ्या सूक्ष्म कणाला मनुस्मृतीत ‘त्रसरेणू’ म्हटले आहे. वजनमापांची सुरुवात तेथे त्यापासून होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन कवी ल्युक्रीशियस याने याच कणांच्या नाचात अदृश्य अणूंच्या हालचालीची खूण पाहिली. कणांवरून विखुरलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून तिरीप दिसते. कण नसतील तर?

हे जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये करून पाहिले. त्यांनी एका पेटीला आतून ग्लिसरीन फासले आणि पेटी बंद करून ठेवली. काही दिवसांत धूळ त्या चिकट थरावर बसली. मग काचेच्या खिडकीतून प्रखर झोत सोडला, तर पेटीच्या आत अंधारच! अशा हवेत ठेवलेला, उकळलेला मांसरस महिनोन्‌महिने नासला नाही. हवेतील धुळीबरोबर सूक्ष्मजीव येतात, याचा हा भक्कम पुरावा १८७६ साली प्रसिद्ध झाला.

पहिला लेसर १९६० साली चालला. रंगमंचावर त्याची किरणे दाखवण्यासाठी पुढे धुक्याची यंत्रे वापरात आली. त्यांत पाणी आणि ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांचे मिश्रण तापवतात. वाफ थंड होऊन बारीक थेंब बनतात. टिंडल यांनी ज्या ग्लिसरीनने किरण नाहीसा केला, तेच येथे किरण दाखवते.

“मग वर्गात धूर केला तर?” शिक्षकांनी तो एकदा केलाही होता. खिडक्या लावून धूप जाळला आणि दम्याचा त्रास असलेल्या एका मुलीला धावत बाहेर न्यावे लागले. म्हणून आमचे सांगणे असे, की खोली धुराने भरू नये. ग्लिसरीन चुलीवर तापवू नये. ते फार तापले की अ‍ॅक्रोलीन हा विषारी वायू निघतो. कोरड्या बर्फाचे धुके बंद खोलीत नको. त्याच्या कार्बन डायऑक्साइडने गुदमरायला होते.

काचेच्या भांड्यात पाणी घ्या, दुधाचे दोन-तीन थेंब टाका. लेसरची रेष लख्ख दिसेल. धूरच हवा असेल तर झाकणाच्या काचपेटीत उदबत्तीचा थोडासा धूर पुरतो. पेटी नंतर उघड्यावर नेऊन रिकामी करा. लेसर १ मिलीवॉटपेक्षा कमी शक्तीचा असावा. तो स्टँडवर पक्का बसवा, समोर काळा खडबडीत पुठ्ठा ठेवा आणि किरण मुलांच्या डोळ्यांच्या पातळीत येऊ देऊ नका.

एकदा पेटी रिकामी न करता आतून ग्लिसरीन फासून, झाकून ठेवा आणि रोज त्याच वेळी किरण सोडा. रेष कितपत फिकी झाली, ते मुलांनाच वहीत लिहू द्या.