बोंबील पोहतो कसा?

पनवेलच्या मच्छीबाजारात एकदा मावशींना विचारलं, "बोंबील जिवंत असताना कसा पोहतो हो?" त्या हसल्या. "मना काय म्हाईत?" त्यांच्या पाटीपर्यंत येतो तेव्हा तो मेलेलाच असतो. लिबलिबीत वाटा त्यांनी माझ्या पिशवीत टाकला.

खोल समुद्राच्या बाबतीत शास्त्रज्ञांचंही बराच काळ असंच होतं. मुंबईच्या गोदीत बांधलेलं 'इन्व्हेस्टिगेटर' हे सर्वेक्षणाचं जहाज १८८१ साली पाण्यात उतरलं. त्यावर पुढे आल्फ्रेड अल्कॉक नावाचा डॉक्टर निसर्गअभ्यासक म्हणून होता. जाळं सोडायचं, तळ खरवडायचा, वर येईल ते स्पिरिटच्या बरणीत घालायचं. कितीतरी नव्या जातींना अशी नावं मिळाली. पण वर येता येता दाब आणि तापमान इतकं बदलतं, की डेकवर पडायचं ते बहुतेकदा मेलेलं किंवा मरायला टेकलेलं. प्राणी हाती यायचा, त्याचं वागणं खालीच राहायचं.

ते बघायचं तर कॅमेराच खाली धाडायला हवा. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या स्क्रिप्स संस्थेतल्या जॉन आयझॅक्स यांनी कॅमेऱ्यासमोर आमिष बांधून तो तळावर सोडला. खोल तळ म्हणजे जवळजवळ ओसाड, असा तेव्हा समज होता. फोटोंत माशांची झुंबड दिसली, मोठे शार्कही आले.

पण यातही मेख आहे. कर्नाळ्यात दाणे टाकून पक्षी जमवले, तर ते दाण्यावर कसे तुटून पडतात एवढंच कळतं. शिवाय अंधारात राहणाऱ्यांवर झगझगीत दिवा पाडला की बरेच जण पळतात. म्हणून त्यांतल्या बहुतेकांना न दिसणारा लाल प्रकाश वापरायची युक्ती निघाली. २०१२ साली जपानजवळच्या समुद्रात महाकाय स्क्विड त्याच्याच घरात चित्रित झाला, तो एडिथ विडर यांच्या अशाच कॅमेऱ्यामुळे.

आपल्याकडे कॅमेरा खाली गेला तो वेगळ्या कामाला. पनवेलहून कोकण रेल्वेनं रात्री निघालं की सकाळी गोवा. तिथे दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या 'गवेषणी' जहाजानं २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून बटाट्यासारखे काळे धातूंचे गोळे वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. (कोबाल्ट बहुधा तुमच्या हातातल्या फोनच्या बॅटरीतही असेल.) १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा मिळाला. आज त्यातला ७५,००० उरलाय, म्हणजे साधारण पाव महाराष्ट्र. खोली पाच हजार मीटरच्या आसपास.

तिथले फोटो काढले ते मुख्यतः गोळे किती आहेत हे मोजायला. पण त्या फोटोंत समुद्रकाकड्या होत्या, चिखलात ओढत गेलेल्या रेघा होत्या, बिळं होती. मला गोळ्यांपेक्षा या रेघा मोलाच्या वाटतात. कुणीतरी इथून गेलंय, आणि ते कसं चालतं हे आपण पाहिलेलं नाही.

१९९७ साली याच भागात खाणकामाचा परिणाम तपासायला सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्टा मुद्दाम ढवळून काढला. पुढची काही वर्षं तिथल्या चिखलाचे नमुने आणून त्यातले जीव मोजले. काम प्रामाणिक होतं, आवश्यकही. पण मोजणं म्हणजे पुन्हा अल्कॉकची बरणीच. एक गोळा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात. त्याला चिकटून जगणारे जीव आहेत. गोळा उचलल्यावर ते काय करतात, हे बरणीत दिसत नाही. त्यासाठी कॅमेरा महिनोन् महिने तिथे बसायला हवा. आपली तेवढ्या खोलवर जाण्याची ऐपत आहे: चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं 'रोसब' हे दूरनियंत्रित यान २०१० मध्ये त्याच पट्ट्यात ५,२८९ मीटरपर्यंत उतरलं होतं.

परवा मावशींना फोनवर २०२२ सालचा जपानजवळचा व्हिडिओ दाखवला. ८,३३६ मीटरवर एक स्नेलफिश एकटाच, सावकाश शेपूट हलवत चाललाय. इतक्या खोलवर मासा याआधी कुणी चित्रित केला नव्हता. मावशींनी ओला हात पदराला पुसून फोन जवळ घेतला. हा तर बोंबलासारखाच लिबलिबीत, म्हणाल्या. मग पुन्हा लावायला सांगितला.